वाडी, वारसा आणि वेदी



संत लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात एक छोटासा प्रसंग आहे. दर तीन वर्षांनी एकदा, सामान्य काळातील अठराव्या रविवारी, तो आपण मिस्सामध्ये ऐकतो. प्रभू येशू मोठ्या लोकसमुदायाला शिकवत आहेत. देवाचे भय, पवित्र आत्म्याचे साहाय्य, छळाच्या वेळी द्यावयाची साक्ष, असे गंभीर विषय चालले आहेत. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस मध्येच बोलतो. गुरुजींनी आपल्या भावाला सांगावे आणि वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला वाटा आपल्याला मिळवून द्यावा, एवढीच त्याची मागणी आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्याला मुळीच परका वाटत नाही. त्याचे कान प्रवचनाकडे होते, मन मात्र सातबाऱ्यावर होते. लूकने त्याचे नाव दिलेले नाही. कदाचित म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळांना त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहता येते.

आज आपण याच विषयावर थोडा विचार करणार आहोत. आपल्या वसईत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जो बदल झाला, त्याचा सर्वात मोठा घाव कुठे बसला असेल तर तो जमिनीवर आणि जमिनीमुळे घराघरांतल्या नात्यांवर. या बदलातून वाट काढण्यासाठी पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची जुनी परंपरा आपल्याला काय सांगते?

बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. वाडीत रहाट फिरायचा, पाटाने पाणी केळीला जायचे. पानवेल, फुले आणि भाजीपाला यांवर घर चालायचे. पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईच्या बाजाराला जायच्या. गावागावांत बावखले होती. त्यांत पावसाचे पाणी साठायचे आणि उन्हाळ्यातही विहिरींना ओल राहायची. संध्याकाळी घंटा झाली की हातातले काम थांबायचे. रात्री जेवणाआधी सगळे घर गुडघे टेकून रोझरी म्हणायचे.

१९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हाही ही ओळख बरीचशी शिल्लक होती. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. ज्या रस्त्याने आपण चालत चर्चला यायचो, त्या रस्त्याला आज दोन्ही बाजूंनी इमारती आहेत. घरातला एक मुलगा आखातात, एक मुलगी कॅनडात आणि म्हातारे आईवडील मोठ्या बंगल्यात दोघेच, असे चित्र जवळजवळ प्रत्येक आळीत दिसते.

या बदलात सगळे वाईटच झाले असे म्हणणे खरे होणार नाही. आपल्या मुली शिकल्या, डॉक्टर, वकील, शिक्षिका झाल्या. घरोघरी पाणी, वीज, संडास आले. दुखण्यापाखण्याला बैलगाडीतून न्यायचे दिवस गेले. शेतीत जन्मभर वाकलेल्या कंबरांना थोडी विश्रांती मिळाली. याबद्दल देवाचे आभारच मानायला हवेत. जुने सगळे सोन्याचे होते आणि नवे सगळे मातीचे आहे, असे ख्रिस्तसभा कधीच शिकवत नाही.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर एक परिपत्रक लिहिले. त्याचे लॅटिन नाव ‘रेरुम नोवारुम’, म्हणजे ‘नवीन गोष्टींविषयी’. तेव्हा युरोपात कारखाने उभे राहत होते, खेडी ओस पडत होती, मजूर पिळले जात होते. पोप महोदयांनी त्या नव्या गोष्टींकडे पाठ फिरवली नाही. जुन्या शिकवणीच्या उजेडात त्यांनी त्या तपासल्या. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्यांनीही याच परिपत्रकाची आठवण काढली. म्हणजे नव्या काळात उतरायचे की नाही, हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही. आपण त्यात उतरलोच आहोत. उतरताना हातात कोणता दिवा घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

जमीन नेमकी कुणाची?

राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाची गोष्ट आहे. इज्रेल गावी त्याचा द्राक्षमळा होता आणि शेजारीच अहाब राजाचा वाडा. राजाला तो मळा हवा होता. कशासाठी? तर भाजीपाला लावण्यासाठी! राजाने देऊ केलेला मोबदलाही वाईट नव्हता. याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे, असे त्याने सांगितले. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती त्याच्या पूर्वजांची ठेव होती. राजा घरी गेला आणि जेवणखाण सोडून भिंतीकडे तोंड करून झोपला. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठार मारले गेले आणि मळा राजाचा झाला. पण राजा मळ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच एलिया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला.

वसईतल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या भागात जमिनीसाठी दहशत माजली, तेव्हा ‘हरित वसई’ चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबत सर्व धर्मांचे लोक रस्त्यावर उतरले. २०२४ साली फादर आपल्यातून गेले. एलियाचे काम आपल्याही काळात कुणीतरी करावे लागते, हे त्यांनी आपल्याला दाखवले.

पण नाबोथ नाही का म्हणाला, हे नीट पाहिले पाहिजे. तो हट्टी नव्हता, की भाव वाढेल म्हणून थांबलाही नव्हता. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांना जमिनीचा नियम दिला आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर पाहुण्यांसारखी राहत आहेत. दर पन्नासाव्या वर्षी, जुबिलीच्या वर्षी, गरिबीमुळे गेलेली जमीन मूळ घराण्याला परत मिळायची. २०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने जुबिली वर्ष म्हणून पाळले, त्याचे मूळ या नियमात आहे. नाबोथ स्वतःला मालक समजत नव्हता, राखणदार समजत होता. राखणदाराने मालकाला न विचारता माल विकायचा नसतो.

मग आज ज्यांनी जमीन विकली त्या सर्वांनी पाप केले का? तसे मुळीच नाही. कुणी आईच्या ऑपरेशनसाठी विकली, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी. कुठे विहिरीला खारे पाणी लागले आणि बाग जळाली. कुठे मजूर मिळेना आणि पिकाला भाव मिळेना. अशा घरांवर व्यासपीठावरून बोट दाखवणे हा अन्याय होईल. जमीन विकणे हे मुळात पाप नाही.

राखणदाराला मात्र काही प्रश्न स्वतःला विचारावे लागतात. हा व्यवहार गरजेपोटी होतो आहे की हव्यासापोटी? घरातल्या सर्वांना तो ठाऊक आहे का? येणाऱ्या पैशातून पुढच्या पिढीच्या हाती काही टिकाऊ लागणार आहे, की तो पैसा दोन लग्ने, एक गाडी आणि बारमध्ये संपणार आहे? आणि आपण जे विकतो त्याचा शेजाऱ्यावर काय परिणाम होईल? नाला बुजवला आणि बावखल भरले, की पाणी जाण्याची जागा सोडून घरात शिरते. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडली, कित्येक घरांत अनेक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपल्या सर्वांचे सामायिक घर म्हटले. सामायिक घराचा एक खांब आपल्या नावावर असला, तरी तो काढण्याआधी घरातल्या इतरांना विचारावे लागते.

पाच बहिणींची गोष्ट

आता थोडे अवघड बोलायचे आहे. वाटणीच्या वेळी आपल्या बहिणींचे काय होते?

बहुतेक घरांत काय होते ते आपल्याला माहीत आहे. जमीन विकायचे ठरते, कागद तयार होतात आणि सासरी गेलेल्या बहिणीला निरोप जातो, की एक दिवस ये, सही करायची आहे. ती येते. तिच्यापुढे हक्कसोड पत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. कधी हातात एक साडी पडते, कधी तीही नाही. आणि तिने सही करायला नुसता वेळ मागितला तरी ती वाईट ठरते, माहेरचे दार बंद होते. ‘आपल्यात पहिल्यापासून असेच आहे’ असे सांगितले जाते. यालाच आपण परंपरा म्हणतो.

पण खरी परंपरा काय सांगते? गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली येतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पवित्र शास्त्राने पाचही जणींची नावे जपून ठेवली आहेत. त्यांचा बाप रानात वारला होता आणि त्यांना भाऊ नव्हता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बापाच्या नावाची जमीन त्यांना मिळणार नव्हती. त्या मोशेसमोर, याजकासमोर आणि सर्व समाजासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला हक्क मागितला. मोशेने स्वतः उत्तर दिले नाही, त्याने हा प्रश्न देवापुढे नेला. आणि देवाने सांगितले की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग शास्त्रात आहे ही किती मोठी गोष्ट आहे! रिवाज एका बाजूला होता आणि देव दुसऱ्या बाजूला. पहिल्यापासून चालत आले म्हणून एखादी गोष्ट देवाची होत नाही. परंपरा आणि रिवाज यांत हा फरक आहे. रिवाज पुष्कळदा बलवान माणसाची सोय पाहतो, खरी परंपरा दुबळ्याचे म्हणणे देवापुढे नेते.

येथे देशाचा कायदाही शास्त्राच्या बाजूने आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत त्याच्या विधवेला एक तृतीयांश वाटा मिळतो आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे व मुली यांना समान हिस्सा मिळतो. मुलगी आहे म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. बहिणीने समजून उमजून, मोकळ्या मनाने भावाला आपला वाटा दिला तर ते प्रेमाचे दान आहे. पण तिच्या माहेरपणाची किंमत म्हणून ती सही घेतली, तर ते दान नव्हे.

वाट पाहून वाटणी

भावाभावांच्या भांडणालाही आपल्या विश्वासाच्या बापाने एक वाट घालून दिली आहे. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांत भांडणे होऊ लागली. गुरे वाढली, कुरणे कमी पडली. अब्राहाम वडील होता. निवड करण्याचा पहिला मान त्याचा होता. पण त्याने लोटाला सांगितले, की आपण नातलग आहोत, आपल्यात तंटा नको. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटाने पाण्याची सुपीक बाजू उचलली. अब्राहामाला खडकाळ बाजू मिळाली.

व्यवहाराच्या हिशोबाने अब्राहाम फसला. पण लोट निघून गेल्यावरच देवाने अब्राहामाला चारही दिशांना नजर टाकायला सांगितली आणि वचन दिले. ज्याने नात्यासाठी हात सैल सोडला, त्याचा हात देवाने भरला.

आपल्याकडे अर्ध्या गुंठ्यासाठी, एका नारळाच्या झाडासाठी, दोन फूट वाटेसाठी भाऊ वीस-वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. बापाच्या अंत्यविधीला एक भाऊ पुढच्या बाकावर आणि दुसरा बाहेर मांडवात उभा, असे आपण पाहिले आहे. मुलांनी काकाला ओळखू नये असे शिकवले जाते. अशा खटल्यात जमिनीचा भाव वाढत राहतो आणि घराचा घटत जातो. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याने न्याय मागावा, तो त्याचा हक्क आहे. पण कोर्टात जाण्याआधी आपण काय सोडू शकतो, एवढे तरी अब्राहामासारखे स्वतःला विचारावे.

आईवडील कुणाच्या वाट्याला?

जमिनीची वाटणी झाली की पुढचा प्रश्न येतो, तो म्हाताऱ्यांचा. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, अशी जणू त्यांचीही वाटणी होते. किंवा मुले परदेशी असतात. पैसे वेळेवर येतात, रविवारी फोनवर चेहरा दिसतो, पण तापाने फणफणलेल्या रात्री पाण्याचा पेला देणारे कुणी नसते.

संत मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूंनी परूशी लोकांना याच मुद्द्यावर झापले आहे. एखादी वस्तू ‘कुर्बान’ आहे, देवाला वाहिलेली आहे, असे म्हटले की तिने आईबापांना मदत करण्याची जबाबदारी टळते, अशी पळवाट लोकांनी काढली होती. माणसांच्या रिवाजासाठी तुम्ही देवाची आज्ञा मोडता, असे प्रभूंनी त्यांना ठणकावले. देवाचे नाव पुढे करून आईबापांना मागे ठेवणारी भक्ती प्रभूंना मान्य नाही. आपणही तीर्थयात्रेला, सणाच्या रोषणाईला, नव्या ग्रोटोला देणगी देतो. चांगलेच आहे. पण घरातल्या मागच्या खोलीत कुणी बोलायला नाही म्हणून दिवसभर भिंतीकडे पाहत बसलेल्या आईचा वाटा आधी काढलेला असला पाहिजे.

बेनसिराच्या तिसऱ्या अध्यायात तर ऋषीने फार बारकाईने सांगितले आहे. वडील म्हातारे झाले की त्यांचा सांभाळ कर, त्यांची बुद्धी चालेनाशी झाली तरी समजून घे, तुझ्या अंगात बळ आहे म्हणून त्यांना तुच्छ लेखू नको. दोन हजार वर्षांहून जुने हे शब्द आहेत. आज स्मृतिभ्रंश झालेल्या आईबापांना सांभाळणाऱ्या मुलामुलींना, सुनांना आणि जावयांना याहून नेमके मार्गदर्शन कोण देईल? तोच तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या वडिलांना दहाव्यांदा शांतपणे उत्तर देणे, हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

आणि आईवडिलांसाठीही एक प्रेमाचा सल्ला. हयातीत सगळे बक्षीसपत्राने देऊन मोकळे होण्याआधी थांबा, विचार करा, जाणकाराला विचारा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर परत मागता येते. पण त्यासाठी ती अट कागदावर असलेली बरी. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्यांना मोहात पाडू नये म्हणून. तसेच वेळेवर केलेले स्पष्ट मृत्युपत्र हे मुलांना दिलेले शेवटचे आशीर्वादाचे पत्रच असते. न केलेले मृत्युपत्र पुष्कळदा भांडणाचे बी ठरते.

शेजारी आलेला नवा माणूस

जमीन गेली तिथे इमारत उभी राहिली आणि इमारतीत माणसे आली. कुणी मुंबईतून, कुणी गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, तमिळनाडूतून, कुणी उत्तरेतून. त्यांतले कितीतरी आपल्याच श्रद्धेचे आहेत. ते रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपली की निघून जातात. कुणी त्यांचे नाव विचारत नाही. आपल्या बोलीत हसतखेळत गप्पा मारणारा घोळका त्यांच्याभोवती असतो आणि ते त्यात एकटे असतात.

ख्रिस्तसभेच्या अगदी पहिल्या दिवसांतही हे झाले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या श्रद्धावंतांनी तक्रार केली, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवा सुटून जातात. प्रेषितांनी ती तक्रार दाबली नाही. सात माणसे निवडली आणि त्यांच्याकडे ते काम सोपवले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांचा वाटा सुटत होता, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिले गेले.

आपल्या पाळकीय परिषदेत, आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहात, इमारतीत राहणारी किती माणसे आहेत? आपली बोली, आपला लुगड्याचा थाट, आपली लग्नातली गाणी आपण जरूर जपावीत. ती आपल्या आजीआजोबांची देणगी आहे. पण परक्याला आपल्यातलाच समजावे, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, असे लेवीय पुस्तक सांगते. आज आपलीच मुले टोरांटोत आणि दुबईत परकी आहेत. तिथल्या चर्चमध्ये त्यांच्याशी कुणीतरी हसून बोलावे, असे आपल्याला वाटतेच ना? मग सुरुवात आपल्या दारातून करू या.

मोठ्या कोठारांचा मालक

आता त्या गर्दीतल्या माणसाकडे परत वळू. प्रभूंनी त्याच्या भावाला बोलावले नाही, वाटा मोजून दिला नाही. मी तुमचा वाटणी करणारा नव्हे, असे सांगून त्यांनी एक दाखला दिला. एका श्रीमंताच्या शेतात भरघोस पीक आले. त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले. मग खा, पी, मजा कर, असे तो स्वतःलाच म्हणाला. त्याच रात्री देवाने त्याचा प्राण मागितला.

हा दाखला पुन्हा एकदा हळूहळू वाचा. त्या श्रीमंताने चोरी केल्याचे कुठेही लिहिलेले नाही. पीक त्याच्या शेताचेच होते. मग चुकले कुठे? तो सतत माझे पीक, माझी कोठारे, माझा माल असेच म्हणतो. संपूर्ण दाखल्यात तो दुसऱ्या कुणाशी बोलतच नाही. बायको, मुले, भाऊ, मजूर, शेजारी, कुणीच नाही. एवढा मोठा निर्णय त्याने एकट्याने, स्वतःशी बोलून घेतला. देवाने त्याला मूर्ख म्हटले ते तो श्रीमंत होता म्हणून नव्हे. भरलेल्या कोठारात तो एकटा होता म्हणून.

याच्या उलट उदाहरण आपल्या मातीत जन्मले आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. तरुणपणी ते जपानमध्ये व्यापार करत आणि त्यांचा व्यापार चांगला चालला होता. पण सगळे सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले आणि पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ते चालता धंदा सोडू शकले, कारण आपला खजिना कुठे आहे हे त्यांना माहीत होते. दरवर्षी त्यांचा सण आपण थाटाने साजरा करतो. त्यांच्या मोकळ्या हाताचा थोडा अंश तरी आपल्या हातात यायला हवा.

वेदीपाशी येण्याआधी

बंधुभगिनींनो, प्रभू वाटणी करणारे झाले नाहीत, पण वाटणी करणाऱ्यांसाठी त्यांनी एक फार कडक नियम ठेवला आहे. संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात ते सांगतात, की तू वेदीपाशी अर्पण आणले असशील आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे तुला आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा. लक्षात घ्या, आपल्या मनात भावाविषयी काय आहे हे प्रभू इथे विचारत नाहीत. भावाच्या मनात आपल्याविषयी काय आहे, हे विचारतात.

एकाच रविवारी, एकाच मिस्सात, एकाच बापाची दोन लेकरे दोन रांगांतून येऊन एकच ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकांकडे पाहत नाहीत. त्या एका भाकरीचे तुकडे सर्वांना मिळतात, तेव्हा ख्रिस्त तुटत नाही, आपण जोडले जातो. आणि घरी गेल्यावर आपण जमिनीचे तुकडे करतो, तेव्हा मात्र घर तुटते. असे का होते, हा प्रश्न आज घेऊन जाऊ या.

येत्या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ज्या भावाशी किंवा बहिणीशी बोलणे बंद आहे त्याच्या नावाने घरातल्या रोझरीत रोज एक ‘नमो मरिया’ म्हणा. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना केली जाते, त्याच्यावर फार काळ रागावून राहता येत नाही. दुसरी, ज्या घरात वाटणी किंवा विक्री चालू आहे, त्या घराने सही करण्याआधी सर्वांना, बहिणींना आणि वृद्धांनाही, एका टेबलाभोवती बसवा. क्रुसासमोर दिवा लावा आणि मग कागद उघडा. वाद असेल तर धर्मगुरूंना किंवा गावातल्या विश्वासू वडीलधाऱ्यांना मध्ये बोलवा. तिसरी, आपल्या इमारतीतल्या किंवा आळीतल्या एका नव्या कुटुंबाच्या दारी जा, नाव विचारा आणि पुढच्या रविवारी सोबत घेऊन या.

वाडी राहील की जाईल, हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. पण वाडीतून आजीआजोबांनी जे पेरले, ती भीडभाड, ती शेजारधर्माची सवय, संध्याकाळच्या घंटेला थांबणारे हात, ते जपणे आपल्या हाती आहे. ते सातबाऱ्यावर नोंदवले जात नाही आणि कुणी विकतही घेऊ शकत नाही. खरा वारसा तोच आहे आणि त्याची वाटणी केली तरी तो कमी होत नाही.

हे दयाळू पित्या, ही माती तुझी आहे आणि आम्ही तिचे राखणदार आहोत, याची आम्हांला सदैव आठवण दे. ज्या घरांत भिंती उभ्या राहिल्या, तिथे दारे उघड. ज्यांचा वाटा सुटला, त्यांचा वाटा त्यांना मिळू दे. आमच्या वृद्धांना सोबत, आमच्या परदेशी लेकरांना आधार आणि आमच्या दारी आलेल्या नव्या माणसांना आपलेपणा दे. पवित्र मरिये आणि संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा.

आमेन.